शाकाहारी भाडेकरू पाहिजे

जगन्नाथ टिपणीस हा तसा भला माणूस. जर्सी सिटीतल्या मराठी मंडळींत कुणाचा पाहुणा विमानतळावर अडकला, की पहिला फोन यालाच. सहासष्ट साली शिकायला म्हणून तो अमेरिकेत आला, तेव्हा दक्षिणेतल्या एका गावात खोलीसाठी त्याने अकरा दारं ठोठावली होती. फोनवर रिकामी असलेली खोली याचा चेहरा दिसताच ‘आत्ताच गेली’ व्हायची. ही हकीकत तो दर पार्टीत सांगे. तिथल्या कोर्टातल्या पाण्याच्या नळांवरच्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या निघाल्या होत्या, पण भिंतीवर त्यांच्या खुणा तशाच होत्या, हेही सांगे. सांगताना त्याचा आवाज खरोखर कापायचा. ढोंग नव्हतं त्यात.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात त्याच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला. मग आपल्याकडची बरीच मंडळी करतात तेच त्यानेही केलं. खिडकीत ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावली आणि तिथल्या पेपरात जाहिरात दिली, ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’. यात कायद्याला बोट ठेवायला जागा नाही, आणि कोण यावं, कोण येऊ नये, हे न बोलता ठरून जातं. मटणाच्या वासाचा त्रास होतो, असं तो सांगायचा. स्वतः मात्र दर रविवारी कोलंबीच्या रश्श्याचे भुरके मारायचा!

शनिवारी बेल वाजली. दारात एक कृष्णवर्णीय बाई, हातात जाहिरातीचं कात्रण. नाव अर्नेस्टीन पेटवे, इस्पितळात नर्स होती.

“तुमची जाहिरात वाचून इतकं बरं वाटलं,” ती म्हणाली. “आमच्या चर्चमध्ये मांस वर्ज्य आहे. मी जन्मापासून शाकाहारी. आई आणि मी, दोघीच राहू.”

 जगन्नाथने एवढी विचारपूर्वक घातलेली अट ही बाई हसत हसत पुरी करत होती. दारातून बाजूला न होता तो म्हणाला, “सॉरी. आत्ताच गेली.”

 नंबर लिहिलेला कागद पुढे करून ती म्हणाली, “कुणी मागे फिरलं तर कळवा,” आणि पायऱ्या उतरली.

“अहो, असं का सांगितलंत?” त्याच्या बायकोने, प्रतिमाने विचारलं.

“अगं, आपले लोक येतात-जातात. उगाच टेन्शन कशाला? आपल्या मंडळींतल्या श्रीरंगचा भाऊ येतोय ना, त्याला देऊ.”

श्रीरंगच्या भावाला टेक्ससमध्ये नोकरी लागली. जागा रिकामीच राहिली आणि खिडकीतली पाटीही तशीच.

जानेवारीत, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या डॉ. किंग यांच्या जयंतीची पहिल्यांदाच देशभर सुट्टी होती. बारा वर्षांच्या सुलेखाने शाळेसाठी निबंध लिहिला आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी जेवताना आईबाबांना वाचून दाखवला. बाबांची अकरा दारं त्यात होती. शेवटी लिहिलं होतं, की त्या दिवशी माझ्या वडिलांनी ठरवलं, ‘आत्ताच गेली’ हे शब्द आपण कधीच कुणाला ऐकवायचे नाहीत.

असलं काही त्याने कधी ठरवलं नव्हतं. ते पोरीने आपल्या मनाने जोडलं होतं, बापावरच्या विश्वासाने.

“बाबा, इज इट ओके?”

“फार छान आहे,” तो म्हणाला आणि भरल्या ताटावरून उठला. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.  त्या बाईचा नंबर कुठल्या खणात आहे, तेवढं प्रतिमाने सांगितलं.

सकाळी त्याने फोन लावला. पलीकडे पेटवेबाईच होती. नाव सांगून तो एका दमात बोलून गेला, “जागा रिकामी आहे. तेव्हाही होती. मी खोटं बोललो. तुम्हाला अजून हवी असेल तर...”

“रिकामी आहे हे माहीत आहे मला. माझी बस तुमच्या घरावरूनच जाते. पाटी रोज दिसायची.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं. “आम्हाला जागा मिळाली, मिस्टर टिपणीस. लांब आहे, पण बरी आहे.”

“मला माफ करा.”

“मी करीनही. आईचं सांगता येत नाही. ती दक्षिणेत, अलाबामात वाढली. असल्या नकारांचं तिला काही वाटेनासं झालंय. मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, घरमालक गोरा होता का? मी म्हटलं, नाही, भारतीय होता. तेव्हा मात्र ती रडली.”