साडभाऊंची मागची रांग

जबलपूर शहरात आमच्या साडभाऊंइतका संताप आणणारा माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर तो माझ्या डोक्यावर राहत नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. सासऱ्यांनी दोन मजली घर बांधलं, वरचा मजला मोठीला, म्हणजे ताईंना, दिला, खालचा धाकटीला, आणि दोघी बहिणी एका जिन्यावर सुखाने नांदतील या समाधानात ते गेले. बहिणी नांदल्याच. सकाळचा चहा खाली, दुपारची भाजी निवडणं वर, आणि भांडण झालंच तर ते जिन्याच्या मधल्या पायरीवर. जावयांचं काय होईल हा विचार मात्र त्या भल्या माणसाला कधी शिवला नसावा.

साडभाऊ कारखान्यात होते. जड यंत्रांखालचे चौथरे बांधून घेणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा यंत्रं तिथेच राहिली, चौथरे मात्र घरी आले. त्यांच्या हातची वस्तू मोडत नाही, हलत नाही, आणि नकोशी झाली तर निघतही नाही. अंगणात त्यांनी तुळशीचं वृंदावन बांधलं. तुळशीला ऊन कमी पडतंय असं ताई म्हणाल्या, तर वृंदावन हलेना म्हणून यांनी माझ्या पेरूच्या फांद्या छाटून टाकल्या. माझ्या, माझ्या हातच्या पेरूच्या! न्हाणीघरात टॉवेलसाठी एक खुंटी ठोकून द्या म्हटलं, तर अर्धी भिंत फोडून लोखंडी कडी बसवून गेले. वर म्हणाले, म्हैस बांधली तरी उखडणार नाही. अहो, पण मला म्हैस बांधायची नव्हती, टॉवेल टांगायचा होता.

आणि त्यांचं ते डोकं! साडभाऊ ताडमाड उंच, पाठ ताठ. मी जेमतेम त्यांच्या खांद्याला लागतो. हे डोकं आयुष्यभर माझ्या आणि जगाच्या मध्ये आलेलं आहे. माझ्या लग्नाच्या अर्ध्या फोटोंत मी नाही, यांचं डोकं आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक असलं की हे नेमके माझ्या पुढच्या खुर्चीत. मी मागून म्हणायचं, सरका जरा. हे इमानदारीत सरकायचे आणि बरोबर नायिकेसमोर येऊन थांबायचे. कितीतरी नाटकं मी नुसती ऐकली आहेत. मध्यंतरात मी चिडून म्हणायचो की तुमच्या डोक्यामागे माझा जन्म गेला, आणि हे शांतपणे मला समोसा आणून द्यायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने बंगळुरूहून प्रोजेक्टर पाठवला. मुलाची खोली रिकामीच होती. दुसरा कोणी असता तर त्याने भिंतीवर चादर लावली असती आणि पलंगावर पडून सिनेमा पाहिला असता. साडभाऊंनी ठरवलं की थेटर करायचं, आणि थेटर म्हटलं की मागची रांग उंचावर पाहिजे. त्यांच्या मजल्यावर माणसं दोन. दोन माणसांना दोन रांगा कशाला लागतात, असं मी स्पष्ट विचारलं. 'तुम्हाला नाही समजायचं ते,' म्हणाले आणि मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून जमिनीपासून माझ्या डोळ्यांपर्यंत टेप लावला. मी काय कपड्यांच्या दुकानातला पुतळा आहे? हलू नका म्हणाले. भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि मला जायला सांगितलं. चहासुद्धा विचारला नाही.

मग मझौली गावातल्या कुठल्याशा पाडलेल्या घराच्या सागवानी तुळया आल्या. सुतार आले आणि गेले, कारण साडभाऊ प्रत्येकाला रंधा कसा धरायचा ते शिकवत. शेवटी स्वतःच ठोकायला बसले, तेही दुपारी, मी जेवून आडवा झालो की. ओट्याचा सांगाडा उभा राहिला, त्यावर प्लायवूडचे दोन थर चढले, आणि ते स्वतः वर उभे राहिले तेव्हा लक्षात आलं की डोकं पंख्याला लागतंय. मी पोट धरून हसलो. बांधणाऱ्यालाच ज्यावर उभं राहता येत नाही असा ओटा अख्ख्या जबलपुरात एकच असेल. साडभाऊ नुसते वाकून खाली उतरले आणि म्हणाले, 'मला कुठे तिथे बसायचं आहे.'

इथवर मी सहन केलं. पण पोकळ लाकूड सिनेमाच्या आवाजाने ढोलासारखं वाजतं, म्हणून आत रेती भरायची असते, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं. पाहिलं म्हणजे झालंच! नर्मदेची रेती आली, पोती भरभरून जिन्याने वर गेली, वरचं प्लायवूड उघडून आत ओतली गेली. ओली होती. ती वाळवून घ्यावी असं यंत्रांचे चौथरे बांधणाऱ्या या माणसाला सुचलं नाही. दिवाळीपूर्वी रंगवलेल्या माझ्या छतावर, बरोबर पलंगाच्या वर, डाग उमटला. तो पसरत गेला, आणि एका सकाळी प्लास्टरचा पोपडा माझ्या पोह्यांत पडला. मी तस्साच ताटलीसकट वर गेलो. साडभाऊ खाली आले, मान वर करून डाग न्याहाळला आणि चक्क खूश झाले. 'म्हणजे रेती मस्त बसून राहिली. आता आवाज नाही येणार.'

माझं डोकंच फिरलं. ओमती ठाण्यात जाऊन तक्रार देतो म्हणालो. ते म्हणाले, चला, स्कूटरवर सोडून देतो, मला कमानिया गेटला कार्पेट पाहायला जायचंच आहे. अशा माणसाशी भांडावं तरी कसं? मग मी शेवटचं सांगून टाकलं. रविवारपर्यंत तो ओटा निघाला नाही तर मी खालचा मजला विकतो आणि नागपूरला मुलाकडे जातो. हे मी रागात बोललो, पण मनापासून बोललो. छत कधी अंगावर येईल या धास्तीने मी बैठकीत सतरंजीवर झोपत होतो.

घरात एकदम सामसूम झाली. सकाळचा चहा बहिणी आपापल्या मजल्यावर पिऊ लागल्या. ताईंचे डोळे सुजलेले दिसायचे. आमच्या बायकोने पोळी वाढता वाढता एवढंच सांगितलं, 'तुम्ही जा नागपूरला. मी ताईला सोडून येणार नाही.' म्हणजे ओटा यांनी बांधला, छत माझं गळलं, आणि घर मोडणारा मी!  साडभाऊ पुन्हा पोती घेऊन जिन्याने खालीवर करताना दिसायचे. बघा, आणखी भरतोय, असं म्हणून मी दात खात बसलो.

रविवारी लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन मी वर गेलो. मागून आमची बायको आली. गच्चीच्या दारात ओल्या रेतीचा ढीग होता आणि शेजारी ताडपत्रीवर उरलेली रेती वाळत होती. साडभाऊंचे दोन्ही हात सोललेले. ताईंनी दारातच सांगितलं की सगळी ओली रेती काढून वाळलेली भरली, तीही अर्धीच, आणि लाकूड भिंतीत अडकवलं, छतावर भार नको म्हणून. मी म्हटलं, ते काही नाही, मी तोडणार.

'तोडा,' साडभाऊ म्हणाले. 'काहून नाही तोडायचं, तुमचं छत आहे. फक्त तोडण्याआधी एकदा बसून पहा.'

सब्बल हातात घेऊनच मी ओट्यावर चढलो. पंखा माझ्या डोक्यावरून आरामात फिरत होता. मागच्या रांगेत खुर्च्या दोनच होत्या. एकीवर मी बसलो, दुसरीवर आमची बायको. पुढच्या दोन खुर्च्यांत ताई आणि साडभाऊ, पाठ ताठ, डोकं नेहमीच्या जागी. दिवा बंद झाला, भिंतीवर कुठलासा जुना सिनेमा सुरू झाला. त्या डोक्यावरून पडदा पूर्ण दिसत होता. खालची नावंसुद्धा वाचता येत होती.

मागे न वळता साडभाऊंनी विचारलं, 'दिसून राहिलं ना?'

मला रागच आला. हे आधी सांगता येत नव्हतं का या माणसाला? मी सब्बल खुर्चीखाली ठेवली आणि म्हटलं, दिसतंय.

छतावरचा डाग अजून आहे. रंगवून देतो असं ते म्हणतात, पण मी त्यांना माझ्या छताला हात लावू देणार नाही. तिथेही एखादी कडी बसवतील. दर रविवारी आम्ही चौघं वर बसतो. साडभाऊ हल्ली थकले आहेत. मध्यंतराच्या आधीच त्यांना डुलकी लागते आणि ते डोकं हळूहळू घसरत खुर्चीच्या पाठीआड जातं. समोर नुसता पडदा उरतो. मग माझं सिनेमात काही केल्या लक्ष लागत नाही. मी मोठ्याने खाकरतो. डोकं वर येतं, सरळ होतं, झोपेतच विचारतं, 'काहून, दिसून नाही राहिलं का?'

'नाही,' मी म्हणतो. 'सरका जरा.'