मागची उंची

मावशी बायकांचे कपडे शिवते. तिचं दुकान माझ्या खोलीच्या खालीच. साहित्यात एम.ए. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत मी तिथे काजं करत बसायचे. ती मला पंडितीणबाई म्हणायची. मैत्री अशी झाली.

गिऱ्हाईक दारातून आत येतानाच तिला कुठला खांदा उतरलाय ते दिसतं. तिचा कपडा अंगावर चढला की ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. कुणाचं पोट, कुणाची पोक, सगळं कात्रीने बेमालूम झाकलं जातं.

लेकीचे कपडेही तीच शिवायची. लेक चौदा वर्षांची, भराभर उंच होणारी. मापाला उभी राहिली की मागची उंची पुढच्यापेक्षा जास्त भरायची. मावशी मागे कापड वाढवायची, मानेशी चिमूट घ्यायची. वाढीचं वय, वाकून चालते मेली, असं म्हणायची आणि मशीन सुरू करायची.

यंदा मावशीचं मनगट मुरगळलं. गणवेश पहिल्यांदाच तयार आणावा लागला. लेकीने तो दुकानातच घालून दाखवला. पुढून ठीक होता, मागून चार बोटं वर उचललेला. मी थट्टा करणार होते, तेवढ्यात मावशीचा चेहरा पाहिला. ती लेकीच्या पाठीवरून तळहात फिरवत होती. थांबतच नव्हती.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. काही मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झाले होते, म्हणून पाठ पुढे झुकत होती. वाढ अजून बाकी होती, हे नशीब. ती संपेपर्यंत कडक पट्टा, झोपेतसुद्धा, आणि रोज व्यायाम. वाढ थांबल्यावर पट्ट्याचा उपयोग नाही. बाक फार वाढलाच तर ऑपरेशन.

आधी आणली असती तर, असं मावशीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, पट्टा आधी लागला असता, पण आताही उशीर झालेला नाही. तिने पहिलं अर्धंच ऐकलं.

मनगट बरं झालं तरी लेकीसाठी तिने कात्री उचलली नाही.

"माझ्याच हातानं झाकलं गं," एवढंच मला म्हणाली.

पट्टा काखेपासून कमरेच्या खालपर्यंत. बाजारच्या बनियनची शिवण त्याखाली रुतायची, कातडी सोलवटायची. लेक पट्टा काढून कपाटामागे टाकू लागली. बाप ओरडला, डॉक्टर रागावले. मावशी मलम लावायची आणि डोळे पुसायची.

एका दुपारी लेक पट्टा बगलेत मारून दुकानात आली. गिऱ्हाइकासारखी समोर उभी राहिली.

"माप घे."

"मी नाही शिवणार तुझं काही. कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे जा."

"मास्तरांना बरगड्या मोजू देऊ होय? गुदगुल्यांनी मरेन मी." मग जरा थांबून म्हणाली, "आई, झाकायला नाही मागत. टोचतंय म्हणून मागतेय. तू शिवलंस तर घालेन."

मावशी उठली. होजिअरीचं मऊ कापड काढलं. बाजूला शिवण ठेवलीच नाही. पट्टा पुढे जिथे उघडतो तिथे एकच घेतली, तीही उलटी, कापडाच्या बाहेरून.

लेकीने ते नवं बनियन अंगात घातलं, वर पट्टा चढवला. मावशी खालून बनियन ओढून सुरकुत्या काढत होती, म्हणून पट्ट्याचा बंद मी ओढला आणि नेहमीच्या भोकात अडकवला.

लेकीने श्वास घेऊन पाहिला.

"अजून एक भोक आत घे," ती म्हणाली.