पुलाच्या टोकाची बुजवलेली विहीर

कडा गावाजवळच्या पुलाशी रस्त्याखाली सिमेंट भरताहेत आणि मशीन उद्याच जाणार, असं भाच्याने फोनवर सांगितलं. मी पिशवी उचलली. दोन वर्षांपूर्वी तिथंच रस्ता खचला आणि माझे यजमान मोटरसायकलसकट गेले. त्यानंतर मुरूम टाकून खड्डा तीनदा बुजवला. तीनदा खचला. मी सातवी शिकलेली, पण जमीन का खचते यावर मिळेल ते वाचलंय.

तिथं जायचं तर बीडहून सकाळची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट. आष्टीच्या स्टँडवर भजी गरम मिळतात, चहा मात्र पाणचट.

पुलाशी काम चालू होतं. रस्त्याला भोकं पाडून सिमेंटची पातळ लापशी दाबाने खाली सोडायची, याला ग्राउटिंग म्हणतात. पोकळी भरली की दाबाचा काटा चढतो.

"मावशी, काटा चढला. काम संपलं," इंजिनिअर म्हणाला.

"कडेला भोक पाडलं?"

"नकाशात तिथं काही नाही."

बांधावरून एक म्हातारी ओरडली, "न्हाई कसं? आमची हीर हुती तिथं! रस्ता रुंद करताना बुजवली. बुडाला उसाचं पाचट, वर मुरूम."

"आजी, आधी का नाही सांगितलं?"

"इचारलं कुनी? अन् हीर बुजवली म्हनायला त्वांड लागतंय बाबा."

विहीर बुजवणं पाप, म्हणून सगळं गाव गप्प राहिलं होतं. खाली पाचट कुजत गेलं आणि वरचा रस्ता अधांतरी राहिला.

इंजिनिअर म्हणाला, "मशीन दुसरीकडे पाठवायचंय."

म्हातारीने बोट दाखवलं तिथं मी फतकल मारून बसले. "खाली काही निघालं नाही, तर सगळ्यांदेखत माफी मागेन."

"पाडू द्या साहेब," मशीनवाला हसला. "बाई लई चिवट हाय, उठायची न्हाई."

थोडं खाली गेल्यावर ड्रिल एकदम सुटलं. "आयला, पोकळ हाय की!" मग कुणी हसलं नाही. लापशी सोडत राहिले, काटा हलेना. दिवस कलला तेव्हा कुठे चढला.

घरी आले तर शेजारीण म्हणाली, "झालं ना आता समाधान? त्यांचं नशीबच तसं."

"नशीब नव्हतं. पाचट होतं," मी म्हणाले.

समाधान झालेलं नाही, होणारही नाही. त्या पुलावरून तुम्ही मात्र बिनघोर जा. आणि तुमच्या गावच्या रस्त्याखाली विहीर बुजवलेली असेल, तर लाजू नका. जागा कळवा. मी येऊन बसते.