फुकटच्या पुड्या

ती घटना घडली तेव्हा मी कल्याणला फौजदार होतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी ती डोक्यातून गेलेली नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. तरी कोणी नोकरीतल्या आठवणी विचारल्या की मला आधी तीच आठवते.

दारूबंदीचा कायदा नवा होता आणि आमचा निम्मा दिवस हातभट्ट्या हुडकण्यात जाई. अशात एका सकाळी रेल्वे स्टेशनबाहेर एक टांगा येऊन थांबला. घोडा सवयीने आपल्या जागी उभा राहिला, पण टांगेवाला उतरेना. गिऱ्हाइकाने खांदा हलवला तसा तो कलंडला. ओठ निळे पडलेले, श्वास जेमतेम चालू. आमच्या हवालदाराने त्याला त्याच टांग्यातून सरकारी दवाखान्यात पोहोचवलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि म्हणाले, हा अफूचा प्रकार आहे. माणूस वाचला, पण थोडक्यात. पंचनाम्यात त्याच्या खिशात औषधाच्या कागदी पुड्या निघाल्या.

दुपारी आमचा खबऱ्या आला. स्टेशनसमोरच्या हॉटेलात कपबशा धुणारा हा माणूस कपबशांपेक्षा कान जास्त साफ ठेवायचा. तो म्हणाला, "साहेब, अशा पुड्या अजून दोघातिघा टांगेवाल्यांकडं हायत. कोणतरी वाटतंय." म्हणजे शहरात अफूचा चोरटा धंदा चालू होता, असं मी धरून चाललो.

पुडी प्रत्येक दवाखान्यात बांधतात, पण प्रत्येक कंपाउंडरची घडी वेगळी असते. या पुडीचं एक टोक दुसऱ्यात खोचून कोपरा मागे दुमडलेला होता. मी माझ्या शिपायांना साध्या कपड्यांत गावातल्या निरनिराळ्या दवाखान्यांत पाठवलं. त्या दिवशी अख्ख्या पोलीस ठाण्याला खोकला झाला. संध्याकाळी टेबलावर पुड्यांचा ढीग पडला आणि त्यात आमची घडी सापडली.

तो दवाखाना एका चाळिशीतल्या डॉक्टरांचा होता. बायको वारल्यापासून ते दवाखान्याच्या मागच्याच खोलीत राहत. असाध्य दुखण्याच्या रोग्यांसाठी अफूचं औषध ठेवण्याचा परवाना आसपास त्यांच्याकडेच होता. गुन्हा दाखल झाला असता तर परवाना गेलाच असता, कदाचित डॉक्टरकीही. मी त्यांना हे स्पष्ट सांगितलं. ते चिडले नाहीत. घाबरले मात्र होते, आणि ते लपवता येत नव्हतं.

"एवढ्या जोरदार पुड्या सध्या मी एकाच बाईला देतो," ते म्हणाले. "खाडीकाठच्या गावातली म्हातारी आहे. पोटात गाठ. दर आठवड्याला मी स्वतः जातो. दुखणं थांबत नाही म्हणते, म्हणून मात्रा वाढवत आणली आहे. ती विकणार नाही, फौजदारसाहेब. आणि माझा परवाना गेला तर तिनं काय करायचं?"

मला कंपाउंडरचा संशय होता. त्याला कोंडून विचारण्याआधी मी रात्रीच सरकारी दवाखान्यात टांगेवाल्याकडे गेलो. तो आता खाटेवर उठून बसला होता.

"पुड्या कितीला घेतल्यास?"

"फुकट मिळाल्या साहेब. आईशप्पथ."

"अफू फुकट वाटणारा तुझा सासरा आहे काय?"

 मी आवाज चढवला, टांग्याचा बिल्ला काढून घेईन म्हणालो. शेवटी तो बोलला. खाडीकडच्या गावात सवारी सोडली की एका म्हातारीकडे तो पाणी प्यायला थांबायचा. टांग्याच्या हिसक्यांनी कंबर धरते, असं एकदा बोलून गेला. "म्हातारी बोलली, ही घे, पण जरा बस. मी बसायचो. ती बोलायची, मी ऐकायचो. बाकीचे पण जातात. काल कंबर लयच दुखत होती, म्हणून सकाळी दोन एकदम घेतल्या."

अशी कबुली मी नोकरीत कधी ऐकली नव्हती. मला ती थापच वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन मी तिच्याकडे गेलो. मिठागरांच्या बांधाला लागून शेवटचं कुडाचं घर. नवरा आयुष्यभर मीठ ओढून गेला, मुलगा तापाने गेला, मुलगी लग्न करून दूर दिलेली. म्हातारी दाराशी बसली होती. हाडांवर नुसती कातडी, आणि एक हात पोटावर दाबून धरलेला. आम्हाला पाहून तिचा चेहरा खुलला. पोलीस बघून एवढं आनंदलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पुड्या घेता ना?"

तिने आम्हाला बसायला गोणपाट सरकवलं. मी टांगेवाल्याचं नाव घेतलं, तो मरता मरता वाचला हे सांगितलं. तिने तोंडाला पदर लावला.

"माज्या पुडीनं?" ती म्हणाली. "मी तं त्याला बरं वाटंल म्हनून दिली."

"पण तुम्ही का नाही घेतल्या? दुखत नाही?"

"दुखतं ना सायेब. लय दुखतं. पन पुडी खाल्ली का मना झोप लागते. मंग आलेला मानूस उठून जातो. आन पुडी दिली का तो परत येतो."

मी डॉक्टरांकडे पाहिलं.  तिथून निघाल्यावर ते बांधावरच बसले. "ती घेतच नव्हती," ते म्हणाले. "आणि मी दर खेपेला वाढवत होतो. ज्याला सवय आहे त्यालाच ही मात्रा सोसते. एखाद्या दिवशी कळ सहन न होऊन तिनं खरंच पुडी खाल्ली असती, तर माझ्या हातानं मेली असती." मला त्या माणसाची फार कणव आली.

जबाब घेतले. विक्री नाही, हेतू नाही, असा अहवाल मी वर पाठवला. वरिष्ठांनी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं आणि परवाना राहिला. पुढे ठाण्याच्या सिव्हिल सर्जनांनी जिल्ह्यातल्या खासगी डॉक्टरांना या औषधांबद्दल शिकवण्यासाठी बोलावलं. मलाही बोलावणं होतं. आमच्या डॉक्टरांनी उभं राहून स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगितली. म्हणाले, थोडंच औषध द्या, पहिली मात्रा समोर घ्यायला लावा, रिकामे कागद परत मागा, आणि मात्रा वाढवण्याआधी आधीची पोटात गेली का ते बघा. एक वयस्कर डॉक्टर कुरकुरले, "आम्ही वैद्यकी करायची की पहारा?" आमचे डॉक्टर म्हणाले, "मी नुसतं दुखतंय का एवढंच विचारत होतो. घरात कोण आहे, हे एकदाही विचारलं नाही." 

म्हातारीचं औषध त्यांनी अगदी लहान मात्रेपासून नव्याने सुरू केलं. गावातल्या सुईणीसमोर ती पुडी घेऊ लागली. टांगेवाल्यांना मी दम भरलेलाच होता. आमच्या दृष्टीने सगळं सुरळीत झालं.

काही दिवसांनी त्या बाजूला हातभट्टीच्या तपासाला गेलो, तेव्हा तिच्या दाराशी थांबलो. हात पोटावर नव्हता. चेहऱ्यावर थोडं मांस आलेलं.

"आता दुखत नाय सायेब," ती म्हणाली. मग बांधाकडे बघत म्हणाली, "पन कोनी येत नाय."

मी ओट्यावर टेकलो. तशी ती धडपडत उठली आणि आतलं फडताळ चाचपू लागली. मला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, आजी, काही नको, सहज आलोय. तिला ते पटलं नाही. पोलीस सहज कशाला येईल?

"चवकशी रायली हाय का अजून?" तिने विचारलं.

माझी चौकशी कधीच संपली होती. फाईल बंद होती. मी म्हणालो, "हो, थोडी राहिली आहे."

ती समाधानाने खाली बसली. मी पहिल्यापासून सुरुवात केली. तुमचं नाव, माहेर कुठलं, लग्न कधी झालं. ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सविस्तर देत होती. कैक आरोपींकडून मी जबाब काढले, पण एवढा मोकळा जबाब कोणी दिला नाही. ती जाईपर्यंत माझी ती चौकशी अधूनमधून चालूच होती.

माणूस गुन्हा का करतो, याची कारणं आम्हाला शिकवलेली असतात. पैसा, बाई, जमीन, सूड. एकटेपण त्यात नव्हतं. त्याचा अर्थ मला तेव्हा अर्धाच कळला होता. आता घरात मी एकटाच असतो. कोणी जुन्या केसबद्दल विचारायला आलं, की मीही सावकाश सांगतो.