भिंतीवरचं सहावं चित्र

आज सकाळी वराळे गावातल्या माझ्या घरी, गॅलरीतल्या कुंडीतलं लिंबोणीचं एक पान चुरगळलं आणि बोटांना तो तिखट, ताजा वास लागला. शेजारच्या कोवळ्या पानावर, पाखरानं शिटल्यासारखी दिसणारी एक बारीक अळी बसली होती. तिला उडवायला गेलेला हात आपसूक मागे आला. ही खोड मला लोहगडवाडीतल्या एका मावशींनी लावली.

तेव्हा मी वाडीच्या शाळेत शिक्षक होतो. कागदी हुकमावर माझी भारी श्रद्धा. राज्याची मानचिन्हं शाळेच्या भिंतीवर मी यादीबरहुकूम रंगवून घेतली: जारुळाचं जांभळं फूल, हरोळी पक्षी, शेकरू, आंब्याचं झाड आणि नीलवंत फुलपाखरू. खरं सांगायचं तर नीलवंत मी स्वतः कधी उडताना पाहिलं नव्हतं. पोरांना सांगायचो मात्र ठासून.

मावशींचं गडाच्या वाटेवर सरबताचं खोपट होतं आणि मागच्या परड्यात तीन लिंबोण्या. त्यांच्यावरच घर चाले. एकदा नातीला न्यायला आल्या आणि भिंतीपुढे थबकल्या. शेकरू ओळखीचंच निघालं. मग निळ्या पंखांवर बोट ठेवून म्हणाल्या, "आन् ह्ये कुटं ऱ्हातं, गुरुजी?"

"याच्या अळ्या लिंबोणीच्या पाल्यावर वाढतात," मी सांगितलं.

मावशींचा चेहरा उतरला. "आवं, त्या तर मी रोज वेचून चिरडते की! राज्याच्या मानाचं पाखरू, आन् मीच त्याचा जीव घेते व्हय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अळ्या वेचणं सोडलं. "तुमी म्हनताय म्हंजी आसंलच," एवढंच म्हणाल्या, आणि त्या विश्वासाचं मला ओझं वाटू लागलं. बघता बघता एक लिंबोणी पार ओकीबोकी झाली, नुसते काटे उरले. दुसरीवरही अळ्या चढल्या. ट्रेकवाल्यांची रविवारची गर्दी ऐन भरात, आणि मावशी कुणी विचारलं की अभिमानानं सांगायच्या, आमच्याकडं मानाचा पाव्हणा यायचाय. जाता-येता मी त्या झाडांकडे बघायचं टाळायचो. शब्द माझा होता, झाडं त्यांची.

शेवटी एका सकाळी काटकीला टांगलेला कोष उकलला. आम्ही दोघंही श्वास रोखून उभे. ओले पंख हळूहळू वाळले, तर काळ्यावर पिवळे ठिपके! गल्लोगल्ली दिसणारं साधं लिंबाचं फुलपाखरू. दोन्ही फुलपाखरांच्या लहान अळ्या एकसारख्याच दिसतात, आणि अर्धवट माहितीवर मी मोठा गुरुजी झालो होतो. लाजेनं मान वर होईना. "मावशी, चुकलं माझं. हे ते नव्हे. तुमची लिंबोणी फुकट गेली."

फुलपाखरू करवंदीच्या जाळीपलीकडे दिसेनासं होईतो त्या बघत राहिल्या. "फुकट कशी? उडालं न्हवं? लहानपनी कोन कुनाचं, कुनाला कळतंय गुरुजी? पाला समद्यांस्नीच घालायचा. मानाचं यील तवा यील."

पुढं दोन झाडांवरच्या अळ्या त्या वेचायच्या. तिसरं, ओकंबोकं झालेलं झाड अळ्यांचं. त्याला दिवाळीपर्यंत पुन्हा पालवी फुटली. आणि माझ्या मागे त्यांचा एकच लकडा: निळ्याच्या शेजारी आपलं पिवळंबी काढा. यादीबाहेरचा ठिपकासुद्धा न खपवणारा मी, पण मीच रंगाऱ्याला बोलावून ते भिंतीवर रंगवून घेतलं. चिन्हाचा अर्थ मी पोरांना पुष्कळदा सांगितला होता; मला तो तेव्हा कुठे कळला.

मध्यंतरी वाडीला गेलो होतो. शाळेची भिंत नव्यानं रंगवलेली, लांबून जुनी चित्रं पुसल्यासारखी दिसली. वाटलं, संपलं. जवळ गेलो तर सहाही चित्रं जागच्या जागी, ताज्या रंगात. नव्या बाई ओशाळून म्हणाल्या, "यादीत पाचच आहेत, ठाऊक आहे मला. पण पोरं ऐकेनात. म्हणाली, बाई, ते पुसलं तर मावशीला काय सांगायचं?"