डिंकानं चिकटवलेला गेटपास

अजिंक्यनं तो गेटपास डिंकानं चिकटवला, तोही डिंक मागं चांगला थापून. गावी, केमच्या शाळेत त्याच्या प्रकल्पवह्या अशाच भरायच्या. कापूस, पिसं, किल्ल्यांची चित्रं, दिसेल ते चिकटवायचं. ज्याची वही फुगलेली, त्याला शेरा उत्तम. आता हा गडी सोलापुरात इतिहासात एम.ए. करत होता, तरी अभ्यासवृत्तीच्या अहवालात ‘मूळ साधन जोडावे’ असं वाचल्यावर त्यानं झेरॉक्स स्वतःजवळ ठेवली आणि मूळ कागद चिकटवून पुण्याला धाडला.

अभ्यासवृत्ती होती इतिहास शिकून पुढं शाळेत शिकवू पाहणाऱ्यांसाठी. आपल्या भागातल्या जुन्या कागदांवरून एक धडा तयार करायचा, अहवाल द्यायचा. तो पसंत पडला तर दुसरं वर्ष. अजिंक्यनं बंद पडलेली गिरणी निवडली आणि त्याला सुंदरम्मा सापडली. ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायची. गिरणीचा तो फोटो लावलेला गेटपास तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, सिद्धाराम यांचा. चार सुट्ट्या मोडून तिनं गिरणीची सगळी हकिगत सांगितली होती. गेटपास दिला तो चार दिवसांच्या बोलीवर.

अजिंक्य नवी पेठेत, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा. खाली पाय ठेवायला जागा नसायची आणि वर त्याच्याशी बोलायला एक पंखा, तोही तीनवर केला तरच. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरणी कामगारांचा पगार त्याला तोंडपाठ होता. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं. जेवलास का, असं या शहरात त्याला विचारणारी सुंदरम्मा एकटीच, तेही कानडीत. त्यामुळं गेटपासाचा विषय निघाला की तो काम राहिलंय म्हणायचा, पण जायचं काही सोडायचा नाही.

तिसऱ्या खेपेला ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, “तम्मा, कागदाचं काय न्हाय. त्यांचा फोटू तेवढाच हाय बघ. लग्नात फोटूवाला आलाच न्हवता.”

त्यानं मार्गदर्शक चंद्रिका मॅडमना फोन लावला. मॅडम खुशीत होत्या. समितीला अहवाल आवडला होता, गेटपासामुळं तर फारच. दुसरं वर्ष जवळजवळ पक्कं होतं. मग त्यांनी विचारलं, “ज्यांचा कागद, त्यांची लेखी परवानगी घेतलीस ना?” अजिंक्यनं नाही म्हटलं आणि गेटपास परत हवाय हेही सांगितलं. परत मागितलास तर अहवाल अपुरा ठरेल, विचार करून कळव, एवढंच त्या म्हणाल्या.

विचार करायला दोन दिवस आणि पंखा होता. घरी फोन केला तर आईनं कपडे धुतोस का विचारलं आणि त्यानं हो म्हणून ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यानं गेटपास परत मागणारा अर्ज लिहिला, आपली चूक कबूल करून.

तीन आठवड्यांनी टपाल आलं. पानातून कापलेला गेटपास, पाठीला अहवालाचा तुकडा तसाच. सोबत पत्र: दुसरं वर्ष मंजूर नाही.

सुंदरम्मानं फोटोवरून पदर फिरवला, पाठीचा कागद पाहिला. पत्राचं त्यानं सांगितलं नाही. तो उठायला लागला तेव्हा तिनं विचारलं, “ह्यांचं काय लिवलास ते वाचून दाव की.”

अहवाल पिशवीतच होता, पण इंग्रजीत. पुढच्या सुट्टीला मराठीत करून आणतो, तो म्हणाला.

“माजं बी नाव हाय का त्यात?”

“हाय की, अव्वा.”

नव्हतं. बत्तीस पानांत सिद्धाराम होते, गिरणी होती, आणि ‘एका कामगाराची पत्नी’ होती.

आता तो एका क्लासवर आठवीला इतिहास शिकवतो, तासावर. अहवालाची मराठीत पाच पानं झालीत. मधे सात सुट्ट्या गेल्या. एमआयडीसीकडं तो अजून फिरकलेला नाही.