विकलेल्या गाडीची स्टेपनी

सतरा नोव्हेंबर, सोमवार. माहेरून नवा तांदूळ आला होता. वर्षाचा तांदूळ, त्याला एरंडेल चोळून डब्यात भरायचा होता. परात पुढ्यात, हात मनगटापर्यंत तेलकट. अशा वेळी फोन वाजला तरी मी उचलत नाही. पण तो वाजायचा थांबेना, तेव्हा करंगळीने स्पीकर चालू केला.

सर्व्हिस सेंटरमधली मुलगी होती. म्हणाली, "मॅडम, आपल्या गाडीचा रिकॉल आलाय. कंपनी गाड्या परत बोलावून चेक करून देतेय. फ्री आहे." आणि तिने गाडीचा नंबर वाचून दाखवला.

आमचा धंदा गोदामांचा माल पोचवण्याचा. एकेकाळी दोन ट्रक होते, आता एक आहे. तिने सांगितलेला नंबर दुसऱ्याचा होता. तो मी दोन वर्षांपूर्वी विकला.

"ती गाडी माझी नाही आता."

"पण सिस्टीमला तुमचाच मोबाइल आहे, मॅडम."

"मग काढून टाका."

"त्यासाठी गाडी आणावी लागेल. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येणार."

फोन ठेवायला हरकत नव्हती. पण मी विचारलं, रिकॉल कशाचा?

"स्टेपनीच्या पाळण्याचा. नट ढिले होतात म्हणे. स्टेपनी खाली पडू शकते."

ट्रकचं जादा चाक मागच्या बाजूला, पोटाखाली, एका लोखंडी पाळण्यात टांगलेलं असतं. ते एकट्या माणसाला धड उचलवत नाही. चालत्या गाडीतून सुटलं तर ट्रकचं काही बिघडत नाही. बिघडतं ते मागून येणाऱ्याचं.

आणि त्या ट्रकच्या मागून कोण येतं, ते मला माहीत होतं.

ही गाडी मी माझ्याच ड्रायव्हरला विकली होती. अकरा वर्षं माझ्याकडे होता. गाडी घेतली आणि दोन महिन्यांत माझ्या हातातलं फर्निचरच्या गोदामाचं कामही घेऊन गेला. त्यावरून वडप्याच्या नाक्यावर, चारचौघांत आमचं वाजलं. तेव्हापासून बोलणं बंद. पण त्याची कामाची पद्धत मला पाठ होती. माल उतरवणारे हमाल केबिनमध्ये घ्यायचा नाही. ते बाइकवरून मागे येत, माल उतरवला की थांबून न राहता परस्पर निघून जात. वाड्याच्या रस्त्याला खड्डे फार, म्हणून बाइक ट्रकला चिकटून चालते. ट्रकचं चाक जिथून जाईल तिथूनच आपलं चाक घालायचं. ही युक्ती माझ्याच गाडीमागे रुळली होती.

मी त्याला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला तर एकदाच टिंग करून कटला. मला ब्लॉक केलं असावं. शाळेत क्लार्क असलेल्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मेसेज टाक आणि मोकळी हो. तुझी गाडी आहे का ती?" मेसेज टाकला. एकच टिक आली.

परत तांदळाला बसले. तेल चोळतेय, पण कुठल्या मुठीला लावलं, कुठल्या नाही, कळेना. उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. शेवटी हात धुतले आणि त्याच्या बायकोला फोन केला. तिच्याशी माझं भांडण नव्हतं.

"गणेशपुरीला गेलाय, वहिनी. कपाटं हायेत."

"मागे बाइकवर कोण आहे?"

"माझा भाऊ. का, काय झालं?"

"त्याला फोन लाव. म्हणावं, ट्रकच्या मागून बाजूला हो."

"बाइकवर तो कुठला उचलतोय? काय झालंय, सांगा तरी!"

सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही जाता काय हो? माझ्याकडं गाडी न्हाय."

टेमघरच्या घरून स्कूटी काढली आणि वाड्याच्या रस्त्याला लागले. वाटेत जो ट्रक पुढे येई त्याच्या पोटाखाली मी वाकून बघे. इतकी वर्षं ट्रकच्या धंद्यात आहे, पण स्टेपन्या अशा कधी पाहिल्या नव्हत्या. एक साखळीने बांधलेली, एक नायलॉनच्या दोरीने, एका पाळण्यात तर चाकच नव्हतं, रिकामा पाळणा खडखडत होता. मागून हॉर्न देणाऱ्यांनी मला काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. प्रत्येक वळणावर वाटे, पुढे गर्दी दिसणार. एका ठिकाणी दिसलीही. जवळ गेले तर कलिंगडांचा टेम्पो होता, लोक भाव करत होते.

अंबाडी नाक्यावर चहाच्या टपरीसमोर तो ट्रक उभा दिसला. बाइक त्याच्या मागे, हातभर अंतरावर. मेव्हणा आणि दुसरा हमाल वडापाव खात होते. मी स्कूटी स्टँडवर लावली आणि टपरीकडे गेले.

बाकावर बसलेल्या माझ्या जुन्या ड्रायव्हरने मला पाहिलं आणि चहाचा ग्लास खाली ठेवला.

"बोला. हितंपन माल न्यायला आलात काय?"

"स्टेपनी उतरव. पाळण्याचे नट ढिले होतात. कंपनीचा फोन आला होता."

"कंपनीचा? आनि तुम्हाला?" तो हमालांकडे बघून हसला. "गाडी माझी, फोन यांना. वहिनी, आज कपाटं पोचली न्हाय तर गोदाम उद्या कुनाला फोन लावणार, ते मलाबी कळतंय."

"गोदाम घाल चुलीत. खाली वाकून बघ."

"सकाळीच बघितलंय. घट्ट हायेत."

"मग पुन्हा बघ."

"तुमच्याकडं होतो तवा बघत होतो, तुम्ही सांगाल तितक्यांदा. आता मी मालक हाय."

तो वाकणार नव्हता. हमालांसमोर तर नाहीच. मलाही उलट बोलायचं खूप होतं, दोन वर्षांचं साठलेलं. पण मी मेव्हण्याकडे वळले. "तुझ्या बहिणीने पाठवलंय मला. तिला फोन लाव."

त्याने फोन काढला. बहिणीचे मिस्ड कॉल बघितले आणि भाऊजींकडे न बघता, तोंडातला घास चावत, ट्रकखाली शिरला. आम्हाला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

"भाऊजी."

"काय?"

"पाना लागतच न्हाय."

"मंजे?"

तो सरपटत बाहेर आला. तळहातावर नट होता. बोटांनी फिरवून काढलेला. दुसराही तसाच फिरतोय, म्हणाला. मग केसांतली माती झटकत बाइककडे बघितलं. "बरं झालं वडापाव खाल्ला. ह्यो डोक्यावर आला असता तर उपाशीच गेलो असतो."

दुसरा हमाल हसला. भाऊजी हसला नाही. तो स्वतः खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा शर्टाची पाठ काळी झाली होती.

तिघांनी मिळून चाक उतरवलं आणि मागे कपाटांच्या मध्ये, गोणपाट घालून आडवं टाकलं. मी दोरी नीट ओढली आहे का ते बघितलं. जुनी सवय. त्याने बघू दिलं.

"चहा घेणार?" त्याने विचारलं.

"नको. तांदूळ उघडा टाकून आलेय."

"उद्या कुठं न्यायची गाडी?"

"हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला. मला यावं लागेल. ओटीपी माझ्या फोनवर येणार."

"या मग," तो म्हणाला आणि केबिनमध्ये चढला. मेव्हण्याने बाइक काढली. या खेपेला ती ट्रकच्या पुढे गेली.

घरी येऊन उरलेलं तेल चोळलं, डबे भरले. ते काम नीट झालं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही बोटं एकमेकांवर फिरत होती, नट फिरवल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मी आमच्या उरलेल्या ट्रकखाली शिरले. तो वेगळ्या कंपनीचा, त्याचा कुठलाही फोन आला नव्हता. तरी एकेक नट हाताने फिरवून बघितला. फिरले नाहीत. हात धुऊन सर्व्हिस सेंटरला गेले. तो आधीच येऊन बसला होता, धुतलेल्या शर्टात. ओटीपी आला तो मी काउंटरवर सांगितला. मग त्या मुलीला म्हटलं, आता माझा नंबर काढा आणि याचा घाला.

"सर, नंबर बोला," ती त्याला म्हणाली.

त्याने खिशातला फोन काढेपर्यंत मी तो तोंडपाठ सांगून टाकला होता. मुलीने टाइप केला, पुन्हा वाचून दाखवला. बरोबर होता. मी स्कूटीची किल्ली उचलली आणि निघाले. आमची गाडी त्या दिवशी दहाला लोडिंगला लागायची होती.